रोबोट लॅपटॉपवर पळतो, बॅटरीवर मान टाकतो: नेमकं होतं काय?

"काका, कोडच गंडलाय वाटतं." रविवारी रात्री पुतण्याचा फोन. मंगळवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन, आणि त्याचा अडथळा टाळणारा रोबोट जरासा पुढे जाऊन बंद पडायचा, मग आपोआप पहिल्यापासून सुरू. यूएसबीने लॅपटॉपला जोडला की मात्र बरोबर पळायचा. बिचाऱ्याने कोड तीनदा नव्याने लिहिला होता. सोमवारी सकाळी मी पिशवीत मल्टिमीटर टाकला आणि धाराशिवहून कळंबची एसटी पकडली.

अर्डुइनो उनो, एल298एन मोटर ड्रायव्हर, पिवळ्या गिअरच्या दोन मोटारी आणि चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी. मित्रांनो, बहुतेकांचा पहिला रोबोट असाच असतो आणि दुखणंही हेच.

मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरी तपासली. 9.1. "बघा, फुल आहे!" इथेच सगळे फसतात. मीटरच्या पिना तशाच धरून त्याला चाकं फिरवायला सांगितली. आकडा धाडकन 4 च्या आसपास आला. मीटर तसं दमानं आकडा दाखवतं, खरी डुबकी त्याहून खोल असते.

आपल्याकडे विहिरीवरची मोटार चालू केली की घरातला बल्ब मंद होतो ना, तसंच हे. थांबलेली मोटार सुरू होताना सगळ्यात जास्त करंट ओढते, आणि चौकोनी बॅटरीचा आतला रोध मोठा. समजा तो 10 ओहम आहे आणि मोटारींनी अर्धा अँपिअर मागितला, तर 5 व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्ची पडतात. उनोला विन पिनवर साधारण 7 व्होल्ट लागतात. व्होल्टेज त्याच्या बरंच खाली गेलं की बोर्ड रिस्टार्ट होतो. लॅपटॉप जोडल्यावर बोर्डाला 5 व्होल्ट वेगळे मिळतात, म्हणून तो टिकतो.

मीटर नसेल तर? कोडच्या सेटअप भागात बझर एकदाच वाजवा. रोबोट चालताना तो पुन्हा वाजला, तर बोर्ड रिस्टार्ट झालाय. कोडला उगाच शिव्या देऊ नका.

खरा उपाय म्हणजे 18650 चे दोन सेल सिरीजमध्ये, मिळून 7.4 व्होल्ट. कळंबच्या बाजारात मला ते मिळाले नाहीत, ऑनलाइन मागवायला वेळ नव्हता. मग सहा अल्कलाइन पेन्सिल सेल आणि एक होल्डर घेतला. तेही 9 व्होल्टच, पण करंट कितीतरी जास्त देतात. चाकं फिरवून मोजलं: 8.2. पुतण्या मीटरकडेच बघत राहिला.

बोर्डापुरती पॉवर बँक लावायचा विचार असेल तर सांगतो, उनो इतका कमी करंट घेतो की बऱ्याच पॉवर बँका "फोन भरला" समजून बंद होतात. आणि दोन वेगळ्या बॅटऱ्या वापरल्या तर दोन्हींचे ग्राउंड जोडायचेच, नाहीतर ड्रायव्हरला बोर्डाचे सिग्नल कळत नाहीत.

18650 घेतलेच तर जुना-नवा सेल एकत्र लावू नका, प्रत्येकी 3 व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका आणि त्यांच्याच चार्जरवर चार्ज करा. शॉर्ट झाले तर आग लागते.

मंगळवारी दुपारी फोन आला. सेल उतरत आले होते, पण परीक्षक येऊन गेले होते. मी निघताना त्याच्या दप्तरात आणखी सहा ठेवले होते, ते त्याला तेव्हा सापडले.