किल्ली हाती, दार बंद!

आमची मोटार अठरा वर्षांची आहे. माणसाच्या हिशेबाने ती नुकती सज्ञान झाली; मोटारींच्या हिशेबाने मात्र पणजी. पण तिच्या किल्लीला बटण आहे! त्या थाटापायी किल्ली कुलपात घालण्याची सवय आम्ही केव्हाच मोडली होती.

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, आईला घेऊन गोंदियाहून नवेगावबांधला गेलो. तिथे पोचल्यावर बटणाने दारे लागेनात. तेव्हाच सावध व्हायला हवे होते. मी आतल्या खुंट्या दाबून दारे लोटून दिली. तलाव झाला, पाखरे झाली. ऊन कलल्यावर परतलो, बटण दाबले. दार ढिम्म! किल्ली कुलपात घातली, ती फिरेना. आणि आईचे संध्याकाळचे इन्सुलिन आत, मागच्या बाकावर. घर साठ-पासष्ट किलोमीटर दूर.

“अहो, सेल गेला असेल,” ही म्हणाली. गावात नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल मिळाला. व्यर्थ! आई काही बोलली नाही, नुसती दगडावर बसून राहिली. ते मला अधिक लागले.

अखेर एक सायकल दुरुस्त करणारा आला. “कुलूप उपाशी हाय जी, साहेब. किल्ली कधी घातलीच नाही काय?” त्याने शिसपेन्सिलीच्या शिशाची पूड किल्लीला चोळली, दहा-बारा वेळा ती हलक्या हाताने आतबाहेर केली. कुलूप फिरले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

गोंदियाच्या मेकॅनिकने नंतर पहिलाच प्रश्न केला, “दुसरा रिमोट कुठे आहे?” तो चिरंजीवांच्या खिशात! आठवड्यापूर्वी त्यांनी स्वतःसाठी नवा करून घेतला होता. कित्येक जुन्या मोटारींत नवा रिमोट शिकवू लागले की आधीचे पुसले जातात. माझा त्या वेळी घरी खुंटीवर होता. निघताना दार चिरंजीवांनीच उघडून दिले, म्हणून पत्ता लागला नाही. इंजिन मात्र सुरू झाले, कारण त्यासाठी किल्लीच्या डोक्यात निराळी चिप असते. तिला सेलही लागत नाही.

रिमोट आणि मोटार यांच्यापाशी जणू एकच दिनदर्शिका असते. दर दाबण्याला एक पान फाटते, म्हणून चोरलेला जुना संकेत पुन्हा चालत नाही. मुले घरात बटणाशी खेळली, तर रिमोट पुढे जातो. ‘कीलॉक’ नावाच्या पद्धतीत मोटार पुढची 16 पाने मान्य करते. त्यापलीकडे गेल्यास बहुधा मोटारीजवळ लागोपाठ दोनदा दाबून मेळ बसतो.

तेव्हा आधी सेल पाहावा, मग मोटारीजवळ दोनदा दाबून पाहावे. शिकवण्याची पाळी आलीच, तर घरातले सगळे रिमोट एकाच बैठकीला न्यावेत. रीत मोटारीगणिक वेगळी असते, तिची पुस्तिका सोबत असावी.

आणि महिन्यातून एकदा किल्ली कुलपात फिरवावी. आमच्याकडे हे काम आता आईने आपल्याकडे घेतले आहे.