गोडंबी : बिब्याच्या पोटातला मेवा

कामात खोडा घालणाऱ्याने ‘बिब्बा घातला’ असे आपण म्हणतो. त्याच बिब्याच्या पोटात गोडंबी नावाचा गोड गर असतो. विदर्भ-मराठवाड्यात बाळंतिणीच्या लाडवांत ती पिढ्यान्‌पिढ्या पडत आली, पण शहरातल्या अनेक घरांत आज ती ओळखू येत नाही. विष आणि मेवा एकाच फळात असल्यामुळे ही ओळख नीट करून घ्यायला हवी.

बिब्याचे शास्त्रीय नाव सेमेकार्पस अनाकार्डियम. यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ ‘खुणेचे फळ’. परीट याच्या रसाने कपड्यांवर खुणा करीत आणि त्या धुऊन जात नसत. दुसरा शब्द काजूच्या शास्त्रीय नावात पहिला येतो, आणि दोघे एकाच कुळातले. काजूला बोंडू, तसा बिब्यालाही नारिंगी, गरदार देठ असतो आणि त्याच्या टोकाला काळे, चपटे फळ. दोघांच्याही कवचात कातडी भाजणारे तेल असते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला काजू आपण निर्धास्त खातो, कारण त्याचे कवच कारखान्यातच निघते. बिब्याचे कवच मात्र आजही बहुधा हातांनीच फोडले जाते. ते तेल अंगाला लागले की बिब्बा ‘उततो’, म्हणजे फोड येतात, कातडी सुजते. आपल्या डब्यातल्या गोडंबीमागे कुणाचे तरी भाजलेले हात असू शकतात. तिची किंमत करताना हे विसरू नये.

बाजारात फक्त सोललेली गोडंबीच घ्यावी. मी खरेदी करताना तीन गोष्टी पाहतो. आकार चारोळीपेक्षा मोठा, बदामापेक्षा लहान आणि चपटा असावा. रंग फिकट असावा. त्यावर काळा, तेलकट डाग किंवा कवचाचा तुकडा दिसला तर तो माल परत करावा. आणि वास खवट नसावा. अख्खा बिब्बा घरी फोडू नये, भाजूही नये. त्याचा धूरही बाधतो. काजू किंवा पिस्ता ज्यांना सोसत नाही, त्यांनी गोडंबीपासून दूरच राहावे. बिब्याचे औषधी प्रयोग हा वैद्यांचा प्रांत. तो स्वयंपाकघरात आणू नये.

गोडंबी निवडून, चमचाभर तुपात मंद आचेवर गुलाबीसर परतावी. मोठ्या आचेवर ती पटकन करपते आणि कडवट होते. गार झाल्यावर जाडसर कुटावी. पाव किलो खोबरे आणि तितकीच खारीकपूड असलेल्या डिंकाच्या लाडवांना मी १०० ग्रॅम गोडंबी घेतो. कोमट पाण्यात भिजवून वाटली, तर काजूच्या वाटणासारखाच रस्सा दाट होतो.

दिवाळीनंतर थंडी पडते, घरोघर डिंकाचे लाडू वळले जातात. यंदा त्यांत मूठभर गोडंबी घालून पाहावी. काजू परदेशातून येऊन आपला झाला. हा त्याचा भाऊबंद तर इथल्याच रानातला आहे.