लय बिघडते की फक्त सरकते?

समजा, मुरुममधील एका शाळेतल्या मुलांनी प्रार्थना घरच्या घरी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचे ठरवले. पेटीवाली मुलगी आज वाजवून गेली, तबलजी दुसऱ्या दिवशी आला. दोन्ही मुद्रणे एकत्र जोडली. सुरुवात अगदी जुळली, पण शेवटी तबला संपला तरी पेटी चालूच! दोघांचाही हात पक्का. मग चूक कुठे?

थोडे गणित करू. पेटीची लय मिनिटाला ८० मात्रांची आणि तबल्याची ८१ होती असे धरा. एवढा फरक कानाला सहसा जाणवत नाही. पण ३ मिनिटांत पेटीच्या २४० मात्रा होतात, तर तबल्याच्या २४३. म्हणजे ८ मात्रांच्या केरव्यात तब्बल ३ मात्रांचा घोटाळा. चूक लहान असते, पण ती साचत जाते.

मिरजेचे अब्दुल करीम खाँ यांच्या काळात तबकडीसाठी गायक आणि साथीदार एकाच वेळी गात-वाजवत. लय थोडी वाढली तरी सर्वांची एकदमच वाढे. वेगवेगळे मुद्रण करताना हा आधार सुटतो. तेव्हा सर्वांना मिळून एक घड्याळ हवे.

असे घड्याळ वर्गातच करता येते. दोऱ्याला जड नट बांधून टांगा. टांगलेल्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंतची लांबी ५६ सेंटिमीटर ठेवा. लहानसा झोका दिला, तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला लंबकाला सुमारे ०.७५ सेकंद लागतो, म्हणजे मिनिटाला ८० मात्रा. झोका लहान होत गेला तरी हा वेळ जवळजवळ तेवढाच राहतो. शिवाय लंबक आवाज करत नाही, त्यामुळे तो मुद्रणात येत नाही. लय दीडपट, म्हणजे १२० करायची असेल, तर दोरा किती ठेवावा? विद्यार्थ्यांना विचारा. (उत्तर: सुमारे २५ सेंटिमीटर.)

लंबकाकडे पाहत प्रथम नुसता ठेका मुद्रित करावा. मग प्रत्येकाने तोच ठेका कानात ऐकत आपले वाद्य वाजवावे.

येथे दुसरी अडचण येते. बिनतारी इयरफोनमध्ये ठेका ०.१ ते ०.२ सेकंद उशिरा पोचू शकतो. वाजवणारा त्याच्याबरोबर चालतो, म्हणून त्याचे वाद्यही तितकेच मागे पडते. कवायतीत शिक्षकांपासून ३४ मीटरवर उभ्या असलेल्या मुलाला शिट्टी ०.१ सेकंद उशिरा ऐकू येते, तसेच हे. मात्र ही चूक साचत नाही. पहिल्या मात्रेला जेवढी, तेवढीच शेवटच्या मात्रेला. त्यामुळे ते मुद्रण एकदाच पुढे सरकवले की काम होते. तारेचे इयरफोन वापरले, तर विलंब बराच कमी होतो.

म्हणून मुद्रण जुळत नसेल, तर वाजवणाऱ्याला दोष देण्याआधी सुरुवातीचा आणि शेवटचा फरक मोजावा. दोन्हीकडे फरक सारखा असेल, तर मुद्रण नुसते सरकवा. शेवटी वाढलेला असेल, तर लयच वेगळी होती. मग सरकवून उपयोग नाही, ठेक्याबरोबर पुन्हा वाजवावे लागेल. प्रयोगशाळेत मोजपट्टीचे शून्य सरकलेले असणे आणि मोजपट्टीच ताणलेली असणे यांत हाच फरक असतो. तो विद्यार्थ्यांना गाण्यातून चटकन कळेल.