दोन बदामांत लपलेले दोन अर्थ

ब्रिजमध्ये बहुतेक जोड्या २ किलवर ही बोली कृत्रिम म्हणून वापरतात. तिचा किलवरशी काहीच संबंध नसतो, हातात प्रचंड ताकद आहे एवढंच ती सांगते. जोडीदार २ चौकट म्हणून वाट पाहतो. खरी कसोटी लागते ती ओपनरच्या दुसऱ्या बोलीला.

समजा, त्याच्याकडे इस्पिकचा एक्का, राजा, गुलाम, चव्वी. बदामाचा एक्का, राणी, पंजी. चौकटचा राजा, राणी, छक्की. किलवरचा एक्का, राजा, सत्ती आहे. २६ गुण, समतोल हात.

जुन्या पद्धतीत इथे थेट ३ नोट्रंप बोलत. मग जोडीदाराने चार पानी इस्पिक जुळतं का हे विचारायचं, तर चौथ्या पातळीवर जावं लागे. जुळलं नाही, तर नऊऐवजी दहा डाव करणं भाग.

कॅनडाचे एरिक कोकिश यांच्या नावाने ओळखली जाणारी रचना हा पेच सुरेख सोडवते. २२ ते २४ गुणांच्या समतोल हाताला ओपनर २ नोट्रंप बोलतो. २ बदामांचे मात्र दोन अर्थ: एकतर खरे बदाम, नाहीतर २५ किंवा जास्त गुणांचा समतोल हात. जोडीदार सहसा २ इस्पिक म्हणून ‘नेमकं काय?’ असं विचारतो. उत्तर २ नोट्रंप आलं, तर हात समतोल; दुसरं काहीही आलं, तर बदाम खरे.

वरच्या हाताला आता अख्खी तिसरी पातळी मोकळी मिळते. किंमत मोजतो तो बदामवाला हात: त्याचा दुसरा रंग थेट तिसऱ्या पातळीवरच उघड होतो.