विश्लेषण : मेंदूतील गाठ क्षयाची की कर्करोगाची?

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम, सावंगीच्या रुग्णालयांत विदर्भभरातून रुग्ण येतात. फिट आलेल्या रुग्णाच्या एमआरआयमध्ये गाठ दिसली, तर ती क्षयाची की कर्करोगाची, हा कळीचा प्रश्न. क्षयाची गाठ बहुतेकदा औषधांनी बरी होते. कर्करोगासाठी शस्त्रक्रिया लागू शकते.

एमआर स्पेक्ट्रोस्कोपी काय मोजते?
एमआरआय यंत्रावरच, सुई न टोचता, गाठीतील रसायनांचा आलेख मिळतो. ‘एनएए’ घटणे म्हणजे चेतापेशींची हानी. कोलीन खूप वाढले, तर कर्करोगाचा संशय बळावतो. क्षयाच्या गाठीत मेदाचे शिखर ठळक दिसते.

मर्यादा काय?
पेशी मृत झालेल्या कर्करोगाच्या गाठीतही मेद आढळतो. त्यामुळे केवळ आलेखावर निदान होत नाही. कधी बायोप्सी करावीच लागते.