गाडी काय म्हणू लागली?

पौषातली पहाट. औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन आम्ही रात्री तिथेच मुक्काम केला होता आणि आता हिंगोलीला जाऊन रेल्वे गाठायची होती. डिझेलची जुनी जीप रात्रभर उघड्यावर उभी. काचेवर इतकं दव, की माझ्या भाचीनं त्यावर बोटानं आपलं नाव लिहिलं. ड्रायव्हरदादांनी चावी फिरवली.

घुर्र... घुर्र... घु...

मग टक-टक-टक-टक. मग काहीच नाही.

"गारठली बिचारी," शेकोटीजवळचे आजोबा म्हणाले. धक्का मारायला चौघे उठलेसुद्धा. तेवढ्यात शेजारच्या गॅरेजचे चाचा कानाला मफलर गुंडाळून आले. त्यांनी सगळ्यांना थांबवलं, मफलर कानावरून खाली ओढला आणि म्हणाले, "आधी ऐकू द्या. गाडी काय म्हणू लागली, बघू."

दोस्तांनो, सुरू न होणारी गाडी खरंच बोलते! चावी फिरवल्यावर सेल्फ (इंजिनाला सुरुवातीला फिरवणारी मोटर) जोरात फिरतोय, पण इंजिन पेट घेत नाही? मग बॅटरी ठीक आहे. दुखणं इंधनाचं किंवा ठिणगीचं. अगदी चिडीचूप, दिवेही लागत नाहीत? मग बॅटरी पार उतरली असेल, नाहीतर तिच्या टोकावरची वायर सैल असेल. त्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साठते, तीही विजेची वाट अडवते. आणि आमच्यासारखं रडत रडत घुर्र, मग टक-टक? चाचांनी हेडलाइट लावायला सांगितले आणि पुन्हा चावी फिरवायला लावली. उजेड एकदम विझत आल्यासारखा पिवळा पडला.

"बॅटरी कमजोर," चाचा म्हणाले.

ती टक-टक कसली, ठाऊक आहे? सेल्फच्या डोक्यावर एक विद्युतचुंबक असतो. चावी फिरली की तो एक लोखंडी दांडा खेचतो, टक! दांडा खेचला की सेल्फकडे विजेचा लोंढा सुटतो. मोबाइलच्या चार्जरमधून जेमतेम दोन-तीन अँपिअर वीज येते. सेल्फला शंभर-दोनशे अँपिअर लागतात, तेही एका दमात. थकलेली बॅटरी एवढं देताना कोलमडते, चुंबकाचा जोर जातो आणि दांडा सुटतो. ओझं उतरलं म्हणून बॅटरी जरा सावरते, चुंबक पुन्हा खेचतो, टक! पुन्हा कोलमडणं, पुन्हा सावरणं. एका सेकंदात हे कितीतरी वेळा. म्हणजे ती टक-टक ही बॅटरीची धाप असते. मला हे कळलं तेव्हापासून तो आवाज ऐकून चिडचिड होत नाही, दयाच येते.

(ऐकण्यावरून आठवलं. याच औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या तिच्या दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब! दूरवर दोन कृष्णविवरं आदळली की अवकाशात उठणारा बारीकसा थरकाप ती टिपणार. औंढ्याच्या मातीत कान देऊन ऐकणाऱ्यांची कमी पडणार नाही, असं दिसतंय.)

पण थंडीत बॅटरीला होतं काय? ही बॅटरी १८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लाँते यांनी शोधलेल्या बॅटरीची नात आहे. शिशाच्या पट्ट्या, शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या आणि दोन्ही बुडतील एवढं पातळ सल्फ्युरिक आम्ल. असे सहा कप्पे, प्रत्येकाचे सुमारे २.१ व्होल्ट, मिळून १२.६. पट्ट्या आणि आम्ल यांच्यातल्या रासायनिक क्रियेतून वीज निघते, आणि गारठ्यात ही क्रिया मंदावते. म्हणून तीच बॅटरी पहाटे कमी ताकद देते.

नेमकी तेव्हाच इंजिनाची मागणी वाढते! घरी काकवी असेल तर एक चमचा कोमट करा, एक फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन्ही ताटलीत ओता. गार काकवी किती आळशीपणे सरकते, बघा. इंजिनमधलं ऑइलही तसंच घट्ट होतं आणि सेल्फला ते घुसळायला जास्त जोर लागतो. ऑइलच्या डब्यावर 'डब्ल्यू' हे इंग्रजी अक्षर दिसतं ना, ते 'विंटर'चं, म्हणजे हिवाळ्याचं.

त्यातून आमची जीप डिझेलची. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच! हवा इतकी दाबायची, की ती तापून लाल व्हावी तशी गरम होते आणि डिझेल आपसूक पेटतं. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं, तीच गंमत. पण सेल्फ रेंगाळत फिरला, तर दाबलेल्या हवेची ऊब गार लोखंड गिळून टाकतं. म्हणून काही गाड्यांत आतली हवा आधीच तापवणारे हीटर प्लग असतात. समोरचा वेटोळ्याच्या खुणेचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मगच सेल्फ मारायचा.

लडाखमध्ये तर डिझेलच घट्ट होतं, आपलं खोबरेल तेल हिवाळ्यात बाटलीत थिजतं तसं. तिथल्यासाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. औंढ्याला त्याची गरज नाही. इथली थंडी बोचरी असली तरी बर्फाची नव्हे.

आणि तिथेच माझा प्रश्न अडला. एवढ्याशा थंडीनं बॅटरी झोपावी?

चाचांनी बॅटरीची झाकणं उघडली आणि आत टॉर्च मारला. पट्ट्यांची टोकं कोरडी! (मुलांनो, तुम्ही बॅटरीला हात लावायचा नाही. आम्लानं कातडी भाजते, आणि तिच्यातून निघणारा हायड्रोजन एका ठिणगीनं भडकतो.) पाणी आटलं होतं, ते मे महिन्यात. हिंगोलीच्या उन्हात पारा बेचाळिसावर जातो, आणि बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त. त्या उष्णतेनं पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या लवकर झिजतात. पण उन्हाळ्यात इंजिन चटकन सुरू होतं, म्हणून दुखणं दडून राहतं. थंडीनं ते फक्त उघडं पाडलं.

चाचांनी पट्ट्या बुडतील एवढं बॅटरीचं पाणी घातलं. दुसऱ्या जीपच्या बॅटरीला जाड वायरी जोडल्या: लाल टोकाला लाल, आणि काळी शेवटी, इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. चावी फिरली. घुर्रर्रर्र, धडाड! काळ्या धुराचा एक लोट आणि शेकोटीजवळ टाळ्या.

"चाचा, परत कधी दाखवायला आणू?" ड्रायव्हरदादांनी विचारलं.

"एप्रिलमध्ये."

"थंडीच्या दुखण्याला एप्रिलमध्ये?"

"तेव्हाच तर लागतं ते," म्हणत चाचांनी मफलर पुन्हा कानावर ओढला.