समुद्रातले सच्छिद्र जीव (लेखांक 7) : फोटोवरून नाव सांगाल का?

ब्यूफोर्टच्या प्रयोगशाळेत हेन्री विल्सन यांनी जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला, तिथे मागचा लेख थांबला होता. त्या सुट्या पेशींचे पुढे काय झाले, ते या वेळी यायचे होते. पण मध्येच एक पत्र आले आणि त्याने हा आठवडा घेतला. कनेक्टिकटमधल्या एका मराठी कुटुंबातल्या शाळकरी मुलीला लाँग आयलंड साउंडच्या काठावर ओहोटीला शेंदरी बोटांचा झुबका सापडला. सोबत तीन फोटो आणि एकच प्रश्न : हा कोणता स्पंज?

त्या किनाऱ्यावर लाल-शेंदरी, फांद्या फुटलेला स्पंज दिसला की पहिला अंदाज क्लॅथ्रिया प्रोलिफेराचा. तिकडे त्याला 'लाल दाढी' म्हणतात. विल्सन यांनी 1907 मध्ये ज्याची हकीकत छापली तोही हाच. त्या काळी त्याचे नाव मायक्रोसायोना होते. अंदाज बहुधा बरोबर निघेल. पण अंदाज म्हणजे ओळख नव्हे, आणि स्पंजांच्या बाबतीत या दोहोंतले अंतर फार मोठे असते.

कारण हा प्राणी एका रूपात राहतच नाही. लहानपणी तो कालवाच्या शिंपल्यावर नुसता पातळ लाल थर असतो. वाढला की त्याला बोटे फुटतात, ती एकमेकांत गुंततात, कधी पंख्यासारखी पसरतात. एकाच जातीचे दोन स्पंज दोन वेगळे प्राणी वाटावेत, आणि दोन वेगळ्या जातींचे थर शेजारी ठेवले तर एकच वाटावेत! रंगाचाही भरवसा नाही. वाळला की लाल रंग जाऊन तपकिरी उरतो, अल्कोहोलच्या बाटलीत तर तो उतरूनच जातो.

मग टिकते काय? कंटिका. स्पंजाच्या अंगातल्या या सूक्ष्म काचेच्या सुया. नखाएवढा तुकडा परीक्षानळीत घ्यायचा आणि त्यावर कपड्यांचे साधे ब्लीच ओतायचे (हे काम घरातल्या मोठ्यांचे). मांसल भाग विरघळून जातो आणि तळाशी पांढुरका गाळ बसतो. तो पाण्याने चार-पाच वेळा धुऊन, शेवटी अल्कोहोलने धुऊन काचपट्टीवर वाळवला की सूक्ष्मदर्शकाखाली एक वेगळेच शस्त्रागार उघडते. लाल दाढीत एका टोकाला बोथट आणि दुसऱ्या टोकाला अणकुचीदार अशा सुया दिसतात. त्यांच्याबरोबर इवली धनुष्ये आणि दोन्ही टोकांना आकडे असलेले नांगर. प्रत्येक प्रकारच्या पुष्कळ सुया मोजायच्या आणि सर्वांत लहान, सरासरी, सर्वांत मोठी अशी मापे मायक्रोमीटरमध्ये लिहायची. मात्र या सुया अंगात कशा रचल्या होत्या, हे ब्लीचनंतर कळत नाही. त्यासाठी दुसरा तुकडा उभा चिरून पाहावा लागतो.

फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्जच्या पाणबुड्यांनी ज्यावर गाव उभे केले, तो अंघोळीचा स्पंज असा नळीत टाकला तर तळाशी काहीच उरत नाही. त्याचा सांगाडा निव्वळ स्पंजिनच्या धाग्यांचा, म्हणून तर तो अंगाला टोचत नाही. रिकामी नळी हीसुद्धा ओळखीची खूणच.

फोटो निरुपयोगी आहेत असे मात्र नाही. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे बे अ‍ॅक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटच्या यंत्र-पाणबुड्यांना 3,300 मीटरपेक्षा खोलवर वीणेसारखा एक स्पंज दिसला. आडव्या दांडीवर ओळीने उभ्या तारा, आणि तारांच्या टोकांना फुगीर गोळे. वेल्टन ली आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 2012 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला कॉन्ड्रोक्लॅडिया लायरा हे नाव दिले. वर आणलेले नमुने फक्त दोन. बाकी दहा केवळ चित्रीकरणात होते. काहींना अशा दोनच वीणा होत्या, काहींना सहापर्यंत, आणि हा फरक चित्रीकरणामुळेच कळला. पण टोकाच्या गोळ्यांत शुक्रपेशींच्या पुड्या असतात आणि फांद्यांवरचे बारीक आकडे कवचधारी सूक्ष्म जीवांना धरून ठेवतात, हे हातात आलेल्या नमुन्यांनीच सांगितले. हा स्पंज शिकारी आहे. नुसत्या फोटोवरून त्याला नाव देणे कोणाही जाणकाराने टाळलेच असते.

कनेक्टिकटच्या त्या मुलीने आता एवढे करावे. तुकडा ओला असतानाच त्याचा रंग, वास, बोटाला लागणारा पोत, तो कशावर वाढला होता ते आणि तारीख वहीत टिपावी; पुढे यातले काहीच बाटलीतून परत मिळत नाही. मग छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवावा. येल विद्यापीठाच्या विलर्ड हार्टमन यांनी दक्षिण न्यू इंग्लंडच्या स्पंजांवर 1958 साली लिहिलेला ग्रंथ तिकडच्या ग्रंथालयात मिळाला, तर कंटिकांची मापे त्याच्याशी ताडून पाहावीत. जुळली तर नाव छातीठोकपणे लिहावे आणि इकडे कळवावे. विल्सन यांच्या पिळलेल्या पेशी पुढच्या आठवड्यात.